काय नावाचा माणूस

विनीताबाई रेग्यांचा कुणावरच विश्वास नव्हता, आणि त्याला कारणही तसंच होतं. शेहेचाळीस वर्षांपूर्वी मुंबईत ‘भोंगा’ हा बॅले झाला. नर्तक बॉयलर सूट घालून लोखंडी पत्र्यांवर नाचले. निम्मे प्रेक्षक चिडून निघून गेले, उरलेले टाळ्या थांबवेनात. संगीत विनीताबाईंच्या यजमानांचं, नंदू रेग्यांचं. बोटीवरचे इंजिनिअर ते. इंजिनरूममधल्या ठोक्यांवरून त्यांनी साडेसहा मात्रांचा ताल बांधला होता. पुढे तो ताल सिनेमात गेला, जाहिरातींत गेला, लग्नाच्या बँडमध्येही गेला. नंदूंचं नाव मात्र कुठेच गेलं नाही. पहिल्या खेळाच्या पत्रकावरसुद्धा नव्हतं!

आता नंदूंना जाऊन बारा वर्षं झाल्यावर सिंगापूरची एक नृत्यसंस्था ‘भोंगा’ पुन्हा करत होती. विनीताबाई सिंगापुरातच, पासिर रिसला मुलाकडे राहत होत्या. मूळ ध्वनिफीत त्यांनी एकाच अटीवर दिली, संगीतकार म्हणून ह्यांचं नाव छापायचं. संस्थेच्या मिस टॅननी लगेच होकार दिला, वर अननसाचे टार्ट पाठवले. विनीताबाईंच्या मनात तिथेच पाल चुकचुकली. एवढा गोडवा कशासाठी?

शनिवारी कार्यक्रमपत्रिकेचा मसुदा नातीच्या, अवनीच्या, फोनवर आला. तिनं वाचून दाखवलं, “म्युझिक बाय काय अँड नंदू रेगे.”

“काय?”

“हो, काय.”

“अगं, काय म्हणजे काय?”

“नाव आहे आजी. के, ए, आय. चायनीज नाव. माझ्या क्लासमध्ये दोन काय आहेत.”

विनीताबाईंचा पारा चढला. हार्बरफ्रंटच्या तालमीत केस निळे केलेला एक ढोलवाला त्यांनी पाहिला होता. हाच तो काय! घुसवला बरोबर, आणि तोही ह्यांच्या आधी.

“लाव त्या टॅनबाईला फोन. पुन्हा तोंडाला पानं पुसायला निघालेत. फीत परत मागते मी!”

“आजी, चिल लाह! मीच पाठवलं ते नाव. ध्वनिफितीच्या डब्यावरून टाइप केलं. काय, मग डॉट, मग नंदू रेगे. मिस टॅनला वाटलं असेल दोन माणसं.”

अवनीनं डबा समोर धरला. शाळेत हिंदी शिकल्यामुळे तिला अक्षरं वाचता येत होती, एवढंच. विनीताबाईंनी चष्मा लावला. नंदूंच्याच अक्षरात लिहिलं होतं: संगीत – कै. नंदू रेगे.

त्यांना हसू फुटलं आणि त्याच्याच मागोमाग रडू आलं. पहिल्या खेळाचं पत्रक बघून घरी आले त्या संध्याकाळी नंदूंनी हे लिहिलं होतं. “नाव नाही म्हणजे मेलोच की मी,” म्हणत हसले होते. असलं अभद्र लिहिलं म्हणून विनीताबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या. डबा जुन्या साडीत बांधला, तो परत पाहिलाच नाही; संस्थेला द्यायला फीत बाहेर काढली तीही अवनीनंच. आणि इथे उगाच त्या निळ्या केसांच्या माणसाला शिव्या घातल्या.

“कै. म्हणजे वारलेला,” त्यांनी डोळे पुसत सांगितलं.

“ओह. सॉरी, आजी.” अवनी मसुदा दुरुस्त करायला बसली. “मग ‘लेट नंदू रेगे’ लिहू ना?”

“नको. नुसतं नंदू रेगे लिही.”

“पण आजोबा तर...”

“नाव छापून येतंय ना त्यांचं? मग कै. कशाला?”