बुडालेल्या वावरांची नावं

योगराज ज्या जहाजावर इंजिनिअर होता, त्याच्या मागच्या बाजूवर ‘माजुरो’ असं लिहिलेलं होतं. माजुरो ही मार्शल बेटांची राजधानी. जगातली कितीतरी जहाजं या देशाचा झेंडा लावून फिरतात आणि त्यांवरच्या बहुतेकांनी तो देश पाहिलेला नसतो. योगराजचं जहाज मात्र एकदा बिघडून खरंच माजुरोला थांबलं. जहाज दुरुस्त झालं, योगराज अडकला. एमलेनशी त्यानं तिथंच लग्न केलं, आणि इकडे सावद्यात त्याचे वडील, लीलाधरनाना, केळीला पाणी सोडता सोडता जगाच्या नकाशाला शिव्या देऊ लागले.

पोर, भूमिका, चार वर्षांची झाल्यावर एमलेन पहिल्यांदा सासरी आली. तिची हिंदी मोडकी, सासूची, सुमनबाईंची, त्याहून मोडकी. त्यामुळे दोघींचं छान जमलं. गल्लीतल्या बाया ‘पहिली मुलगी, असू दे’ अशी तिची समजूत घालायच्या. एमलेनला कळेना की हे दुःख कशाचं. तिच्या लोकांत जमीन आईकडून लेकीकडे जाते. भूमिका झाली तेव्हा तिच्या आईनं शेजारपाजार जेवायला घातला होता.

निघायला आठवडा उरला तेव्हा एमलेननं सांगून टाकलं की भूमिका आता माजुरोतच वाढेल, तिच्या आजीजवळ. योगराजला मान्य होतं. नाना भडकले.

“तढी काय आहे तिचं? अढी वावर आहे, केळी आहे. मी कोनासाठी राबू राह्यलो?”

“तिथं तिची जमीन आहे,” एमलेन म्हणाली. “बिकिनी बेटावर. पण तिथं राहता येत नाही.”

एमलेनची आजी लहान असताना बिकिनीवर अमेरिकन आले होते. थोड्या दिवसांसाठी बेट सोडा, मानवजातीच्या भल्याचं काम आहे, असं म्हणाले. लोकांनी आपल्या माणसांच्या कबरींवर फुलं आणि झावळ्या ठेवल्या, त्यांचा निरोप घेतला आणि ते बोटीत बसले. मागे अणुबॉम्ब फोडले गेले. त्याला ऐंशी वर्षं होत आली.

नाना अस्सल केळीवाले. “मंग माती बदला. पोटॅश टाका,” ते म्हणाले.

“टाकलं. नारळातलं विष कमी झालं. माणसं परत गेली नाहीत.”

“मंग जिथं पाय ठेवता येत नाही, ते वावर पोरीले द्यायचं कसं?”

एमलेननं अंगणात खेळणाऱ्या भूमिकाला हाक मारून काहीतरी सांगितलं. पोरगी ताठ उभी राहिली आणि एकापाठोपाठ एक नावं घडाघडा म्हणून मोकळी झाली. बिकिनीवर जमिनीच्या प्रत्येक पट्ट्याला नाव आहे. एमलेन ती अशीच आईकडून शिकली होती, आणि तिथं ना आई कधी राहिली होती ना ती.

“ही विसरली तर संपलं,” ती म्हणाली.

नाना उठून बागेत गेले. रागावले की ते केळीची सुकलेली पानं कापत सुटतात. त्या दिवशी अर्धी बाग साफ झाली. नात जाणार म्हणून त्यांना रडू येत होतं. त्याहून वाईट म्हणजे सुनेचं म्हणणं पटलं होतं. त्यांचं स्वतःचं गाव हतनूर धरणाच्या पाण्यात गेलेलं. बुडालेल्या वावरांचं काय सांगायचं, म्हणून त्यांनी योगराजला कधी काहीच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भूमिकाला मोटारसायकलवर पुढे बसवून तापीकाठी नेलं. समोर नुसतं पाणी होतं.

“ते बगळे बसले ना, ते आमराईचं वावर. त्याच्या पल्याड खळ्याचं. मंग चोपनाचं. शेवटी बाभुळबन. म्हन.”

भूमिकानं म्हटलं. मग बापाकडून शिकलेल्या मराठीत विचारलं, “इथं पण बॉम्ब पडला?”

“नाही बाई. धरन झालं.”

“मग तुम्ही फुलं ठेवली?”

“नाही. आम्ही दारं-चौकटी काढून आनल्या,” नाना म्हणाले. त्यांना लाज वाटली. मग त्यांनी ती चार नावं पुन्हा म्हणून घेतली, आणि ती निघेपर्यंत रोज म्हणून घेतली.

पावसाळा संपता संपता माजुरोहून व्हिडिओ कॉल आला. योगराज सुट्टीवर तिथंच होता. भूमिकानं आजी-आजोबांसाठी आपली नावं म्हणायला घेतली आणि नेहमी संपवते तिथं थांबलीच नाही. त्याच दमात पुढे गेली: आमराईचं, खळ्याचं, चोपनाचं, बाभुळबन.

“नाना,” योगराज हसत म्हणाला, “ही शेवटची मराठी नावं कुठल्या बेटावरची हो? एमलेनच्या आईलापण माहीत नाहीत.”

“बेटावरची नाही,” नाना म्हणाले. “तुह्या आज्याची वावरं.”

फोन सुमनबाईंच्या हातात देऊन ते सुकलेली पानं कापायला गेले.