खांबाचा फोटो

“कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि कोणी ठेवलाच तर मला त्याची काळजी वाटेल, पण एका कॅमेऱ्याने मला एकेचाळीस दिवस खांब समजून सोडून दिलं,” मी म्हणालो.

“बोलू नका काका,” सलूनवाला म्हणाला. “वस्तरा मानेवर आहे.”

“मान कुठे हलतेय? तोंड हलतंय. बेचाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवलाय मी. कुठला अवयव कधी हलवायचा ते मला नको शिकवूस.”

त्याने वस्तरा उचलला, हातातल्या कागदावर फेस पुसला आणि आरशात मागच्या बाकाकडे बघून भुवया उडवल्या. बाकावर शिडीवाला बसला होता. घरोघरी कॅमेरे बसवायचा त्याचा धंदा. खांद्यावर शिडी वागवून वागवून आता शिडी नसली तरी तो तिरकाच चालतो. आज शिडी सलूनच्या दाराबाहेर टेकून उभी होती आणि शिडीवाल्याच्या मांडीवर एक कोरा करकरीत खोका होता. त्यात नवा कॅमेरा होता. तो माझ्याच दारावर बसायचा होता, आणि माझी दाढी झाल्याशिवाय काही तो बसणार नव्हता. म्हणून मी दाढी लांबवत होतो.

शिडीवाला मघापासून फोनवर कोणाशी तरी हो-हो करत होता. मग त्याने फोन खोक्यावर उपडा ठेवला. तिकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही. आरशासमोर बसलेला माणूस स्वतःलाच बघतो.

“काका, आटपा की,” तो म्हणाला. “ताईंनी बजावलंय, आजच्या आज बसलाच पाहिजे. हा जुन्यासारखा नखरे करणारा नाही. सकाळी सातच्या ठोक्याला आपला आपण फोटो काढतो, आपला आपण पाठवतो. मध्ये कोणाचा हात नाही.”

“पाठवू दे रे. पण जुन्याचं काय झालं ते तरी ह्याला कळू दे.”

“काय झालं?” सलूनवाल्याने विचारलं, आणि त्याचा वस्तरा जागच्या जागी थबकला. हाडाचा सलूनवाला आहे तो. गोष्ट म्हटली की हात मंद होतो. हे मला ठाऊक होतं.

तर झालं असं. गेल्या वर्षी मी दाराच्या पायरीवरून घसरलो. घसरलो म्हणजे पायरी घसरली, मी जागेवरच होतो. पण बातमी मुलीपर्यंत पोचेतो मी तीन जिने गडगडलो होतो. माझ्या घराला जिनाच नाही. मुलगी परगावी नोकरीला. बायको जाऊन चार वर्षं झाली, घरात मी एकटा. तेव्हा मुलीने दारावर कॅमेरा बसवायचं काढलं. मला म्हणाली, चोरांसाठी आहे. माझ्या घरात शिरलेल्या चोराला दया येऊन तोच काहीतरी ठेवून जाईल, हे तिलाही माहीत होतं. खरी गोष्ट वेगळी होती. रोज सकाळी सातला मी दाराबाहेर येऊन उभं राहायचं. कॅमेऱ्याने फोटो काढून साठवायचा. तो तिच्या मोबाईलवर गेला की तिने समजायचं, बाबा उभे आहेत.

“आणि नाही गेला तर?” सलूनवाल्याने विचारलं.

“तर ती फोन करणार. एवढाच करार.”

पहिल्या दिवशी मी पहाटेच उठलो. इस्त्रीचा सदरा घातला, भांग पाडला. दारासमोर चार फरश्या आहेत. उजेड तिसरीवर चांगला पडतो, म्हणून तिसरीवर उभा राहिलो. खांदे सैल, नजर सरळ, श्वास धरलेला, हनुवटी स्थिर. हनुवटी फार महत्त्वाची. माणूस हसू दाबतो, रडू दाबतो, पण हनुवटी चहाडी करतेच. लाखभर माणसं माझ्यासमोर त्या स्टुलावर बसून गेली. नोकरीचे अर्ज, परीक्षेचे अर्ज, लग्नाची स्थळं. एकाचाही फोटो हललेला नाही. आमच्या स्टुडिओत एकदा भूकंपाचा धक्का बसला. मी ‘हलू नका’ म्हटल्याबरोबर तोही थांबला.

“काका!” सलूनवाला म्हणाला.

“बरं, भूकंप सोड. पण फोटो हललेला नाही.”

तर मी सात वाजता उभा राहिलो आणि सात वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला.

“बाबा, फोटो आला नाही. तुम्ही बरे आहात ना?”

“ठणठणीत आहे. उभा होतो की.”

“थेट चित्र दिसतंय मला. फरश्या दिसतायत, फाटक दिसतंय. पण फोटो साठलाच नाही. ‘फोटो साठवा’ हे बटण चालू आहे का बघा बरं तुमच्या मोबाईलवर.”

मी बघितलं. “हिरवं आहे. एकदम हिरवंगार.”

“मग कॅमेरा बंद करून चालू करा.”

केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोटो नाही, पुन्हा फोन. कार्ड काढा, पुसा, परत घाला. नखाएवढं ते कार्ड. पुसताना खाली पडलं, ते शोधायला सतरा मिनिटं लागली आणि तेवढा वेळ ती फोनवर होती. तिसऱ्या दिवशी इंटरनेटचा डबा बंद करून चालू केला. चौथ्या दिवशी म्हणाली, कॅमेऱ्याला नवीन नाव द्या, कधीकधी नावात गडबड असते. मी नाव दिलं ‘मुकादम’. मुकादमाने बाकी सगळे फोटो इमानेइतबारे साठवले. शेजारच्या मांजराचे तीनशे. उडत आलेल्या पिशवीचे सोळा. माझा रोज एक, दुपारचा, कचऱ्याची बादली घेऊन पाठमोरा. पण सकाळी सातचा? एकही नाही.

“आणि फोन?”

“रोज. वेळ म्हणजे वेळ. नुसता वैताग! पाच मिनिटं कॅमेऱ्याची आणि वर पंचवीस मिनिटं नको त्या चौकशा. बाबा, भाजीत मीठ कमी घालता ना? बाबा, गुडघा कसा आहे? मग तिच्या ऑफिसातली लिफ्ट कशी मध्येच अडकते, तिचा साहेब कसा शिंकून शिंकून बोलतो. तो शिंकतो कसा ते करून दाखवायची. आता मला सांग, माझा काय संबंध त्या साहेबाशी? परवा त्याला सर्दी नव्हती, तर मलाच चुकल्यासारखं झालं.”

 सलूनवाल्याने माझ्या गालावर दुसऱ्यांदा फेस लावला. आधीचा वाळला होता.

“ह्याला विचार,” मी आरशातूनच शिडीवाल्याकडे बोट केलं. “तीनदा येऊन गेला. पहिल्यांदा कार्ड बदललं. दुसऱ्यांदा वायर बदलली. तिसऱ्यांदा शिडीवर चढून अर्धा तास नुसता विचार करत बसला.”

“बसलो होतो,” शिडीवाला म्हणाला. तो मान खाली घालून खोक्यावरची चिकटपट्टी नखाने खरवडत होता.

“ह्याला नाही सापडलं. शेवटी मीच शोधलं. पण त्याआधी मी काय सोसलं ते ऐक. फोटो निघत नाही म्हणजे आपणच कमी पडतोय, असं मला वाटलं. म्हणून मी आणखी स्थिर उभा राहायला लागलो. दहाव्या दिवशी मांजराने माझ्या पायाला पाठ घासून खाज भागवून घेतली. पंधराव्या दिवशी कुरिअरवाला आला. त्याने माझ्या हातावर पुडकं ठेवलं, दारावरची घंटा वाजवली आणि ‘घरात कोणी नाही’ असं लिहून निघून गेला. विसाव्या दिवशी शेजारीण पलीकडून आली आणि ओला टॉवेल माझ्या खांद्यावर वाळत टाकून गेली.”

“शेजारीणकाकू?”

“तीच. संध्याकाळी घडी करून न्यायला आली तेव्हा म्हणाली, बाई गं, तुम्ही होय! तिसाव्या दिवसापासून तर एक कोळी माझ्या कानापासून दाराच्या कडीपर्यंत जाळं विणायला लागला. जाळं पुरं होईपर्यंत मला घरात जाता येईना. मोडायचं म्हणजे त्याची मेहनत वाया जायची.”

सलूनवाल्याला हसू आवरेना. त्याने वस्तरा खाली ठेवला, हे बरं केलं.

“आणि एकेचाळिसाव्या दिवशी,” मी आवाज खाली आणला. गोष्टीचं टोक आलं की आवाज खाली आणायचा, म्हणजे माणसं पुढे वाकतात. “एकेचाळिसाव्या दिवशी मी कॅमेऱ्याबरोबर आलेली पुस्तिका काढली. अक्षर मुंगीएवढं. मी माझं निगेटिव्ह तपासायचं जुनं भिंग घेतलं आणि पहिल्या पानापासून वाचत गेलो. एकोणिसाव्या पानावर तळाला लिहिलेलं सापडलं. काय? तर, समोर हालचाल झाली तरच हा कॅमेरा फोटो साठवतो!”

सलूनवाला बघत राहिला. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला.

“म्हणजे तुम्ही हलत नव्हता म्हणून...”

“म्हणून! मांजर हलतं, पिशवी हलते, कचरेवाला म्हातारा हलतो. सातला मात्र त्याला दिसायचा एक खांब. बेचाळीस वर्षं मी जगाला सांगितलं, हलाल तर फोटो बिघडेल. आणि आता असलं यंत्र निघालंय की हलला नाहीत तर फोटोच नाही. सांग, आता ह्यात दोष कोणाचा? माझा की कॅमेऱ्याचा?”

“कोणाचाच नाही काका,” तो डोळे पुसत म्हणाला. “कोणाचाच नाही!”

मी खुर्चीत मागे टेकलो. गोष्ट बसली होती. आता ती त्याच्या तोंडून गावभर जाणार होती, आणि गावातून फिरत फिरत जिथे पोचायला हवी तिथेही पोचणार होती. त्याची मला खात्री होती.

“बाबा,” शिडीवाल्याचा खोका म्हणाला.

खोका माझ्या मुलीच्या आवाजात बोलत होता.

शिडीवाल्याने उपडा फोन उचलून सरळ केला आणि माझ्याकडे न बघता बोलला, “नव्या कॅमेऱ्याचा पासवर्ड विचारायला फोन लावला होता काका. मग तुमची गोष्ट सुरू झाली. ताई म्हणाल्या, असू दे चालू.”

“बाबा,” फोन म्हणाला, “त्या तिसऱ्या फरशीवर तुम्ही उडत जायचात का?”

“उडत कशाला जाईन? चालत...”

मी तिथेच थांबलो. सलूनवाल्याचा हात थांबला. आरशात आम्ही तिघंही खांबासारखे दिसत होतो.

“चालत ना? मग तेव्हा हललातच की. तेव्हाच नसता का निघाला फोटो?”

 लाखभर फोटो काढले, पण समोरच्याला इतकं स्वच्छ कधी पकडलं नव्हतं मी.

“‘फोटो साठवा’चं बटण रोज सहा पंचावन्नला बंद होतं,” ती म्हणाली. रागाने नाही, ऑफिसातल्या लिफ्टचं सांगते तसंच. “आणि मी फोन करायच्या आत परत चालू होतं. कोण बंद करतं, कधी करतं, सगळं दिसतं मला इथे.”

“कधीपासून दिसतंय?”

“पहिल्या दिवसापासून.”

एकेचाळीस दिवस तिने मला कार्ड पुसायला लावलं होतं. वायर बदलायला लावली होती. मी आरशात शिडीवाल्याकडे बघितलं. तो छताकडे बघत होता, जणू तिथे त्याला दोन कॅमेरे बसवायचे होते.

“मग रोज विचारायचीस कशाला, बटण चालू आहे का म्हणून?”



“फोन केल्यावर काहीतरी विचारावं लागतं ना, बाबा.”

सलूनवाल्याने पाण्याची बाटली उचलली, पुन्हा तिथेच ठेवली.

“उद्यापासून माझी कामाची पाळी बदलतेय,” ती म्हणाली. “सातला मी आत असेन. फोन नाही जमणार. चहाच्या सुट्टीत बाहेर आले की बघायला फोटो तरी हवा मला. रविवारी करीन मी. सातलाच.”

“कळलं,” मी म्हणालो.

“बसवू दे ना मग त्यांना?”

“बसव म्हणावं. शिडी आण म्हणावं.”

शिडीवाला उठला. खोका काखेत मारून दारापर्यंत गेला आणि तिथेच उभा राहिला. मी खुर्चीत ताठ बसलो आणि सलूनवाल्याला म्हणालो, “मिशी नीट कोर. कानावरचे केस पण घे. उद्या फोटो आहे.”

“घेतो की काका.” त्याने डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला, वस्तरा जवळ आणला आणि परत मागे घेतला. “हलू नका.”

“मी कुठे हलतोय?”

“हनुवटी हलतेय,” तो म्हणाला, आणि वस्तरा बाजूला धरून थांबून राहिला.