भिंतीपलीकडची नाशपाती

एक तिरपा काप. बोटभर लांब. अगदी मुळाशी.

हिरव्या काठाचं जुनं लुगडं, एका चैत्रात भिंतीवर वाळत घातलेलं, पुढच्या चैत्रातही तिथंच.

अकरा. मग नऊ. मग सात.

लष्करी ट्रंकेला सुतळीनं आवळलेलं ओलं पोतं.

"तुह्या झाडाला औंदा फुलं कवा येतील वं?" हा प्रश्न. विचारायचं काही कारण नसताना विचारलेला.

काटे.

या गोष्टी सुट्या पडल्या होत्या तोवर कुणाचं काही बिघडत नव्हतं. बोरीच्या सरजाबाईनं त्या एका ओळीत लावल्या, आणि चोरी तयार झाली.

*

आधी झाड.

सरजाबाईचा थोरला, पंडित, फौजेत. अडुसष्टच्या थंडीत पठाणकोटहून सुट्टीवर आला तेव्हा पोत्यात गुंडाळलेली एक काडी घेऊन आला. पान नाही, कोंब नाही, नुसती काडी. परसात, न्हाणीचं पाणी जातं त्या वाटेवर त्यानं खड्डा केला, काडी उभी केली.

"नाशपाती हाय, माय. लय चिवट जात. थंडीत पानं झडतील, मेलं म्हणून उपटू नको. आन् फळाची घाई करू नको. सात-आठ वर्षं लागतात."

"तवर तू येतोस का घरी?"

"फळ धरू दे. खायला येतो."

झाड खरंच चिवट निघालं. बहात्तरचा दुष्काळ त्यानं खरकट्या पाण्यावर काढला. चौऱ्याहत्तरला अंगभर पांढरी फुलं आली आणि गळाली. पंच्याहत्तरला पुन्हा तेच. तेव्हा सरजाबाईचा नवरा, सिताराम गुरुजी, चौथीच्या वर्गाला शिकवणारा शांत माणूस, एका रविवारी काठी घेऊन परस मोजायला लागला.

"पंडितचं लगीन करायचंय. सुनेला खोली लागंल. ती हितंच बसती."

"झाड त्यानंच लावलंय."

"वर्गात उत्तर न देणाऱ्या पोराला मी एक साल जादा देतो, पंडितची माय. दोन न्हाई. औंदा फळ धरलं तर झाड ऱ्हाईल. न्हाई तर कुऱ्हाड."

गुरुजी कधी आवाज चढवत नसत, म्हणूनच त्यांचं बोलणं फिरत नसे. सरजाबाईला रोज पहाटे उठल्या उठल्या झाडाखाली जाऊन वर बघायची सवय लागली.

*

आता अकरा.

शहात्तरच्या फाल्गुनात फुलं गळाली आणि मागं हरभऱ्याएवढे हिरवे गोळे राहिले. तिनं बोट दाखवत दाखवत मोजले. अकरा. आठवड्यानं नऊ भरले. पुढच्या आठवड्यात सात. खाली मातीत एकही पडलेला दिसेना. परसात चार कोंबड्या फिरत होत्या, पण कोंबड्या तिनं त्या ओळीत धरल्या नाहीत.

तिनं धरली नर्मदाबाई.

नर्मदाबाई भिंतीपलीकडची. दोन्ही घरांनी एकाच दिवशी धम्माची दीक्षा घेतलेली. वीस वर्षं पीठ-मीठ इकडचं तिकडं. एकमेकींची बाळंतपणं एकमेकींनी काढलेली. पण हीच नर्मदाबाई माघात विचारत होती, फुलं कवा येतील म्हणून. हिला काय करायचंय फुलांचं? आणि हिच्या भिंतीवरचं ते लुगडं वर्षभर वाळतंच कसं?

आळं करायला माती उकरली तर मुळाशी तो काप सापडला. जुना, राखाडी पडलेला, कडा आत वळलेल्या. इळ्याचाच. आता तिला थांबवेना. तिनं घमेलं पालथं घातलं, वर चढली आणि लुगडं बाजूला सारलं.

पलीकडं पुरुषभर उंच झाड होतं. तेच पान, तीच चकाकी. फक्त फांद्यांना काटे. चोरीचं म्हणून काटे फुटले, हे तिनं तिथंच ठरवून टाकलं. तिच्या माहेरी मोगऱ्याबद्दल म्हणत, चोरून नेलेली फूट मूळ झाडाचा रस ओढते. म्हणजे गोळे कुठं जायलेत तेही कळलं.

"नर्मदाबाई, हे काय हाय वं?"

नर्मदाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. "झाड," ती म्हणाली.

"लुगड्याआड लपवलेलं?"

"लपवलेलं न्हाई. शेळ्या येतात. तू तुह्या झाडाला कुपाटी घातलीस, माह्याजवळ लुगडं व्हतं."

"माह्या झाडाच्या मुळाशी काप हाय."

थापणारे हात थांबले. "तुला काय म्हणायचंय ते नीट म्हण."

"माहं फळ गळायलंय आन् तुहं झाड फोफावायलंय. तेच म्हणायली मी."

नर्मदाबाईनं तिच्याकडं बराच वेळ पाहिलं. तव्यावरची भाकरी करपली तरी पाहत राहिली.

"तुला खरंच आठवत न्हाई?"

"काय आठवायचं?"

"मग ऱ्हाऊ दे."

ती उठली, पिठाचे हात धुतले, सरपणाची कुऱ्हाड घेतली. पाच घाव. मग एकेक फांदी उचलून भिंतीवरून इकडं टाकली.

"घे. काट्यांसकट घे."

*

उरलेले सात राहिले. आषाढात ते पिकले, खरबरीत सालीचे, दगडासारखे कडक. पंडित आला, परसात उभ्यानंच दोन खाल्ली, हनुवटीवरून रस गळाला. गुरुजींनी एक फोड चघळली आणि काठी आढ्याला खोचून ठेवली. झाड राहिलं.

सरजाबाईला याहून मोठा पुरावा नको होता. तिकडं तोडलं, इकडं टिकलं. फळातली एक फोडही भिंतीपलीकडं गेली नाही. वर्षभर दोघी पाणी भरायला आडावर वेगवेगळ्या वेळी गेल्या.

सत्त्याहत्तरला झाड असं फुललं की फांदी दिसेना. एकही फळ धरलं नाही.

सरजाबाईनं मुळाची चिमूटभर माती जिभेवर ठेवून पाहिली. कुणी मीठ ओतलं असेल तर कळावं म्हणून. माती मातीसारखीच लागली, तरी तिचं समाधान झालं नाही. गुरुजींनी काठी खाली काढली, पण त्याआधी पंडितला कार्ड टाकलं. चैत्रात उत्तर आलं. ते त्यांनी ओसरीवर बसून, वर्गात वाचतात तसं वाचलं:

"छावणीतल्या माळ्याला विचारलं. तो म्हणतो, नाशपाती एकटी सहसा फळ धरत नाही. जवळ दुसऱ्या जातीची नाशपाती लागते, त्याच दिवसांत फुलणारी. आपलं झाड कलमाचं आहे. कलमाच्या खालचं मूळ रानटी, काटेरी जातीचं असतं. त्याची फूट लावली तरी चालते. मागच्या साली फळ आलं म्हणजे असं एखादं झाड जवळपास होतं. कुणाकडं आहे ते पहा."

गुरुजींनी पत्राची घडी घातली आणि भिंतीकडं पाहिलं. मग बायकोकडं.

सरजाबाईच्या मनात मात्र एकच बसलं: तिला हे ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणून ती फुलांचं विचारत होती. ठाऊक होतं म्हणूनच पाच घावांत मोकळी झाली. आपलं झाड असं झटक्यात कोण तोडतं?

तरीही ती गेली. वर्षानं पहिल्यांदा, पुढच्या दारानं.

"नर्मदाबाई, त्या खोडाला फुटवा आला असंल."

"आला व्हता. उपटला. पुन्यांदा आला. पुन्यांदा उपटला."

"कामून?"

"तुह्या झाडाचा रस ओढील म्हणून."

हे तिनं टोमणा म्हणून सांगितलं की खरंच, ते सरजाबाईला तोंडावरून वाचता आलं नाही. नर्मदाबाई तांदूळ निवडत होती, आणि निवडतच राहिली.

"गुरुजींला सांग ना, थांबा म्हणावं दोन-चार साल," ती खाली बघूनच म्हणाली.

"त्यानला सांगून झालं."

"मग बस, च्या घे."

सरजाबाई बसली नाही. या चहामागं काय असेल, याचा विचार करत घरी आली. सोमवारी गवंडी आला, त्यानं दोरी धरली, झाड दोरीच्या आत पडलं. दुपारी ते तोडलं. लाकूड पिवळसर, घट्ट निघालं. गुरुजींनी त्यातलं एक सरळ खोड खोलीच्या चौकटीला बाजूला काढलं.

एकाहत्तरच्या वर्षावासात नर्मदाबाई इळा घेऊन परसात आली होती आणि तिनं विचारलं होतं, मुळाशी फूट आलीय, नेऊ का. ज्वारी पाखडता पाखडता, मान वर न करता, सरजाबाई म्हणाली होती, ने की.