शेठच्या टेबलावरची बरणी

मी एक जुनी काचेची बरणी आहे. माझ्या झाकणाला पोचा आहे आणि पोटात मूठभर चिंचोके आहेत. तुम्हाला वाटेल, कुणीतरी खेळायला ठेवले असतील. नाही मित्रांनो, ते चिंचोके सांभाळणे हीच माझी नोकरी.

भट्टीत वाळू वितळली आणि माझा जन्म झाला. माझे बालपण मीरा रोडला, सिल्व्हर पार्कजवळच्या एका किराणा दुकानात गेले. माझ्यात लिमलेटच्या गोळ्या असत. शाळा सुटली की मुले माझ्या काचेला बोट लावून म्हणत, "ती नको काका, ती खालची लाल." त्या बोटांचे चिकट ठसे मला फार आवडत. पुढे प्लास्टिकच्या बरण्या आल्या आणि आम्ही तिघी बहिणी माळ्यावर धूळ खात पडलो. तिथून आम्हाला सुरुचीने विकत घेतले.

सुरुची ही आत्माराम शेठची सून. भाईंदर पूर्वेला शेठचा गाळा होता. तिथे जेवणाचे स्टीलचे डबे बनत. प्रेसवर डबा घडे. शेवंतीमावशी त्याला पॉलिश करून आरशासारखा चमकवत. मग शेठ स्वतः प्रत्येक डबा तळहातावर गोल फिरवून बघत आणि टिचकी मारून कानाशी नेत. "डबा बोलला पाहिजे," असे ते म्हणत. शेवटी शिवा डबा पुसून खोक्यात भरे.

दोन हजार चार सालची दिवाळी सरली आणि दुकानांतून डबे परत येऊ लागले. चकचकीत अंगावर बारीक ओरखडे.

"शेवंतीचा हात जड झालाय," शेठ म्हणाले. "महिनाभर बघतो, नाहीतर दुसरा माणूस आणतो."

शेवंतीमावशींचे घर त्याच पगारावर चालत होते. त्या दिवशी त्यांनी जेवणाचा डबासुद्धा उघडला नाही.

सुरुची म्हणाली, "बाबा, मावशींना काढण्याआधी ओरखडे मोजून बघूया का?"

"मोजायचं काय त्यात? इतकी वर्षं धंदा करतोय. डोळे मिटून सांगतो."

"यावेळी उघडून सांगा ना."

शेठ मनातल्या मनात हसले, पण नाही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी टेबलांवर जाऊन बसलो: एक प्रेसजवळ, एक शिवाजवळ आणि मी शेवंतीमावशींच्या पुढ्यात. काम सोपे होते. ज्या टेबलावर डब्याचा ओरखडा पहिल्यांदा दिसेल, त्या टेबलाच्या बरणीत एक चिंचोका टाकायचा. गाळ्यात कुणी हिंदी बोले, कुणी गुजराती. कुणाला लिहिता येई, कुणाला नाही. चिंचोका मात्र सगळ्यांना कळत होता.

आठवडा गेला. आम्ही तिघी रिकाम्या.

"बघ, बरण्या बघूनच ओरखडे पळाले," शेठ खूश झाले. शनिवारी दुकानातून खोके परत आले, तेवढ्याच ओरखड्यांचे.

सुरुचीने शिवाला हळूच विचारले. शिवा खाली बघत म्हणाला, "वहिनी, सच बोलू? इथे टाकला तर मावशी जाणार, तिथे टाकला तर मी. म्हणून खिशात टाकला." त्याने खिसा उलटा केला. चिंचोके फरशीवर सांडले.

मित्रांनो, त्या दिवशी मला कळले की बरणी बसवणे सोपे असते. तिच्यात खरे पडावे म्हणून आधी भीती काढावी लागते. सुरुचीने शेठना सगळ्यांसमोर उभे केले. शेठ जरा घुटमळले, पण बोलले, "चिंचोक्यामुळे कुणाची नोकरी जाणार नाय. माझा शब्द."

मग आम्ही भरू लागलो. म्हणजे, शिवाजवळची बहीण भरू लागली. ती गळ्यापर्यंत आली, तरी माझ्या तळाशी दोनचारच चिंचोके होते. डबा मावशींकडून स्वच्छ निघत होता आणि शिवाच्या टेबलावर ओरखडलेला दिसत होता.

शेठनी शिवाकडे पाहिले. "म्हणजे तू?"

"शेठ, मी तर मऊ फडक्याने पुसतो. आणि ओरखडा पुसायच्या आधीच दिसतो," शिवा म्हणाला. मग थोडे थांबून म्हणाला, "मध्ये अजून एक टेबल हाय. तिथे बरणीच नाय."

मधले टेबल शेठचे होते. मालकाचेही मोजायचे असते, हे सुरुचीलासुद्धा सुचले नव्हते.

शेठनी एक नवा कोरा डबा घेतला. नेहमीसारखा तळहातावर फिरवला. उजेडात धरला. एक बारीक रेघ चमकली. त्यांच्या बोटात पुष्कराजाची अंगठी होती. धंद्याला बरकत यावी म्हणून ज्योतिष्याने दिलेली, दिवाळीतच घातलेली.

शेवंतीमावशींनी तोंडाला पदर लावला. हसू लपवत होत्या की रडू, मला शेवटपर्यंत कळले नाही.

शेठनी अंगठी काढून खिशात ठेवली. मग त्यांनी मला उचलले, आपल्या टेबलावर नेऊन ठेवले आणि स्वतःच्या हाताने माझ्यात एक चिंचोका टाकला. टण् असा आवाज झाला. "बोलली," शेठ म्हणाले. "सुरुची, शेवंतीला नवीन बरणी आण. ही माझी."

त्यानंतर गाळ्यात कुणावर ठपका ठेवण्याआधी शेठच विचारत, "बरणी काय म्हणतेय?" प्रेसचा साचा बदलायचा ठरला तोही बरणी बघून.

आता गाळ्यात कॉम्प्युटर आहे. माझ्यावर धूळ बसते, कधी कुणी पेनही खुपसून जाते. थोडे वाईट वाटते. पण शेवंतीमावशी अजून पॉलिशला आहेत आणि जाता येता मला पदराने पुसतात.

तुमच्याकडेही मोजायचे काही असेल, तर जरूर मोजा. पहिली बरणी आपल्या टेबलावर ठेवा. आणि एक विनंती आहे: भरलेली बरणी बघून कुणावर रागवू नका. रागावलात, तर पुढच्या वेळी ती तुम्हाला रिकामी मिळेल, आणि चिंचोके कुणाच्या तरी खिशात असतील.