बिडाचा तवा, करडईचं तेल
रईसाच्या मनगटांत आताशा जीवच उरला नव्हता. तरी चार दिवस झाले, अहमदपुरातल्या आपल्या अंगणात ती बिडाचा तवा घेऊन बसली होती. दोन पावसाळे गच्चीवर टाकीखाली पडून त्याच्यावर गंजाचे पापुद्रे चढले होते. आधी विटेच्या तुकड्यानं घासायचा, मग राखेनं, मग चुलीवर ठेवायचा. धूर सोडायला लागला की अर्धा कांदा करडईच्या तेलात बुडवून फिरवायचा, थंड होऊ द्यायचा न् पुन्हा तापवायचा. तव्याला तेल पाजता पाजता बाईच्याच घशाला कोरड पडली.

"भंगारात टाक की," तिचा नवरा जलील म्हणाला.

"मलाच टाका एकदा भंगारात!"

कारण साधं होतं. रविवारी मुलगा कलीम न् सून अलीझा लातूरला वेगळं राहायला निघाले होते. कलीमला तिथल्या डाळमिलमध्ये नोकरी लागली, हे खरं; पण आठ महिन्यांत सुनेला या घरात मोकळा श्वास घेता आला नाही, हेही खरंच. रईसाचं तोंड म्हणजे काय विचारता! माझा डबा कुठं ठेवला, माझी परात कुणी हलवली, दिवसभर टकळी चालूच. आता तिला एवढंच पाहिजे होतं की जाता जाता पोरीच्या मनात अढी राहू नये. माफी मागायला जीभ रेटत नव्हती, म्हणून तवा.

गुरुवारी तवा तयार झाला. काळाभोर, तुळतुळीत. पहिलंच धिरडं अलगद सुटलं. तिनं तो अलीझापुढं ठेवला. "घे. वापर."

बस्स, दोनच शब्द. अजून दोन बोलली असती तर काय बिघडत होतं? पण बाई दमली होती, जाऊन आडवी झाली.

रविवारी सकाळी टेम्पो दारात लागला. ओढणी सावरत अलीझा सासूजवळ आली. हातात तवा, पण ओळखू येईना! चिंच न् मीठ लावून पार पांढुरका केलेला. वर मूठभर साखर, कारण वापरायला घेतलेलं भांडं मळकं न् रिकामं परत करत नसतात. नायगावला तिच्या आईनं तेच शिकवलं होतं.

"अम्मी, तुमचा तवा. लई काळा होता, सगळं काढलं बघा." पोरीच्या बोटांची सालं निघाली होती.

रईसानं तव्याच्या कडेवरून बोट फिरवलं. चार दिवसांचं तेल चिंचेनं धुऊन नेलं होतं. ओरडायला तोंड उघडलं, पण अंगात त्राण कुठं होतं?

"अगं येडे, परत कशाला आणला? तुला दिला होता. तुझाच हाय तो."

"माझा?" अलीझानं तव्याकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "मला कसं कळावं अम्मी? हितं माझं काय हाय, हे कुणी सांगितलंच न्हाई कधी."

रईसाला ते आरपार लागलं. "मी न्हाई सांगितलं," ती म्हणाली. "चुकलं माझं."

बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. अलीझानं साखर सासूच्या ओंजळीत ओतली, तवा ओढणीत गुंडाळून पोटाशी धरला न् टेम्पोत जाऊन बसली. टेम्पो वळला तेव्हा रईसाला डोळे पुसायचे होते, पण हात मोकळे नव्हते.