शिशाची रेघ

अलकाने कार्बनच्या कांडीच्या टोकावरल्या खळग्यात चिमूटभर पांढरी पूड दाबून भरली. निम्मी पूड टेबलावर सांडली. ती तिने ओल्या फडक्याने टिपून घेतली.

"अक्का, हा नमुना कुणाचा? वहीत दिसत नाही," शेषगिरीने विचारलं. वर्णपटाच्या त्या प्रयोगशाळेतला तो सर्वांत जुना तंत्रज्ञ.

"घरचा आहे."

त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "सरी, ठीक आहे," एवढंच म्हणून त्याने काळा चष्मा पुढे केला आणि वीज सोडली. दोन कांड्यांमध्ये डोळे दिपवणारी ज्योत उभी राहिली.

नमुना घरचाच होता. मल्लेश्वरमच्या घरी तिचे सासरे भीमाचार्य रोज सकाळी ओसरीवर बसून गोरगरिबांना औषध देत. पोटाची तक्रार असली की शंखभस्माची पुडी ठरलेली. भस्म ते स्वतः घरी भाजत, स्वतः खलत. गेल्या आठवड्यात गजरे विकणारी तानूबाई आली, तेव्हा तिचं उजवं मनगट उचलतच नव्हतं. पंजा नुसता खाली लोंबत होता. इस्पितळातल्या डॉक्टरांनी शिशाची बाधा म्हणून सांगितलं होतं. पोटात काय जातं असं अलकाने विचारल्यावर ती म्हणाली होती, आचार्यांची पुडी, दुसरं काही नाही.

आचार्य हसले होते. अलकाला हसू आलं नव्हतं. तीच पुडी तिची चार वर्षांची हेमा दोन महिने मधातून चाटत होती, आणि हल्ली पोट धरून रडत होती. त्या दिवसापासून अलका नुसताच मध देत होती. नवरा, उपेंद्र, कारखान्याच्या कामाने भोपाळला गेलेला. हे बोलायचं तरी कुणाशी?

फोटोची काच धुऊन वाळली; ज्योतीच्या उजेडाच्या रेघा तिच्यावर उमटल्या होत्या. तिने ती भिंगाखाली शुद्ध शिशाच्या रेघा असलेल्या काचेशेजारी धरली. शंखातल्या कॅल्शियमच्या रेघा जिथे हव्यात तिथे होत्या. जांभळ्या भागात, ४०५८ अँगस्ट्रॉम तरंगलांबीवर, आणखी एक रेघ होती. तिने भिंग पुसलं, काच काढून पुन्हा बसवली. रेघ हलली नाही. शिशाच्या दुसऱ्या दोन रेघाही शोधल्या, त्याही होत्या. ती स्टुलावर बसली.

शेषगिरीला सांगून ती दुपारीच निघाली आणि हेमाला घेऊन डॉक्टरांकडे गेली. वेळेवर थांबवलंत, ते म्हणाले, हळूहळू सुधारेल. अजून घरी सांगायचं होतं.

भीमाचार्य खल धूत होते. तिने उभ्यानेच सगळं सांगितलं; शिसं बहुधा भस्म भाजायच्या झिलईदार मडक्यातून उतरत असावं, हेही. त्यांनी खल खाली ठेवला.

"चव नाही, वास नाही. तुला उजेडावरून कसं कळलं?"

"मामंजी, नील्स बोर नावाच्या शास्त्रज्ञाने पन्नासएक वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय. अणूतला इलेक्ट्रॉन वाटेल तिथे राहत नाही. त्याच्या ऊर्जेच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. तापवलं की तो वरच्या पायरीवर जातो, आणि खाली उतरताना तेवढ्याच अंतराचा उजेड टाकतो."

"मध्ये कुठे थांबत नाही?"

"नाही. आणि प्रत्येक धातूचा जिना वेगळा. म्हणून शिशाची रेघ शिशाचीच. दुसऱ्या कुणाची ती असू शकत नाही."

"मग तुझी चूक होणं शक्य नाही."

"माझी होईल, मामंजी. त्या रेघेची होणार नाही."

ते ओरडतील, खल भिरकावतील, या भीतीने तिने दाराची चौकट घट्ट धरली होती. भीमाचार्य उठून आत गेले आणि एक पिवळी पडलेली पुडी घेऊन आले.

"ही कृष्णाबाईची राहिलेली. चार वर्षं झाली." ते मृत बायकोचं नाव कधी घेत नसत. "शेवटी तिच्या हातात पळीसुद्धा राहत नव्हती. मी वात म्हटलं. पुडी दुप्पट केली."

"मामंजी, हे नको बघायला."

"उद्या घेऊन जा."

दुसऱ्या दिवशीच्या काचेवरही तीच रेघ होती. ती काच तिने घरी आणली नाही. ती फाटकातून आत आली तेव्हा ते ओसरीवरच होते. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते उठून आत गेले. रात्रभर आतल्या खोलीत त्यांच्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या.

सकाळी ओसरीवर जमलेल्या लोकांना त्यांनी हात जोडून परत पाठवलं. मग पिशवी घेतली. ज्यांना ज्यांना भस्म दिलं होतं, त्यांच्याकडून ते परत आणायचं होतं.

"तू चल बरोबर. माझ्याने बोलवणार नाही."

मागच्या गल्लीत तानूबाई दारातच बसली होती. डाव्या हाताने दोरा धरून, दातांनी गाठ मारून ती गजरा ओवत होती. आचार्यांना पाहून ती गडबडीने उठली.

"तानूबाई," अलका म्हणाली, "औषधात चुकून काहीतरी मिसळलं गेलं होतं—"

"मिसळलं गेलं नव्हतं," भीमाचार्य म्हणाले. "माझ्या हातून गेलं. तुझा हात माझ्या औषधाने गेला."

तानूबाईची नजर पिशवीकडे वळली.

"म्हणजे आता दुसरी पुडी आणलीत का, आचार्य?" तिने आशेने विचारलं.

भीमाचार्य तिच्या उंबऱ्यावर खाली बसले.