काचेला चिकटलेलं
थ्योलोच्या चहामळ्याखालच्या ओढ्यात काही नाही, असा अहवाल एस्नाथ कापोन्डाने तीनदा दिला होता. झोम्बा शहरातल्या तिच्या प्रयोगशाळेतलं यंत्र केसाएवढ्या बारीक नळीतून विजेच्या जोरावर पाणी ओढायचं आणि त्यातली द्रव्यं वेगवेगळी करायचं. मळ्यातलं तणनाशक पाण्यात असतं तर पडद्यावरच्या रेघेला टोक आलं असतं. पण रेघ सपाटच.

अहवाल वाचून गावाने ओढ्याच्या पाण्याने भरणाऱ्या तळ्यातल्या मेलेल्या माशांचं खापर मासे सांभाळणाऱ्या विलार्डवर फोडलं. खाद्य तोच टाकायचा. तो गाव सोडून ब्लान्टायर शहरात निघून गेला. हे कळल्यापासून एस्नाथला चैन नव्हतं. दोन महिने खपून तिने नळीत जास्त पाणी भरून त्यातलं विष एका अरुंद पट्ट्यात गोळा करायची युक्ती बसवली. आता पूर्वीच्या पन्नासाव्या हिश्शाएवढं विषही दिसलं असतं. तरी रेघ सपाट.

एके सकाळी विलार्डची म्हातारी बहीण नाफिरी मिनीबसने आली. हातात तेलाची प्लास्टिकची बाटली, ओढ्याच्या पाण्याने भरलेली.

“अगोगो, आजी, आमच्या काचेच्या बाटल्या दिल्या होत्या ना?” एस्नाथ म्हणाली.

“त्यांतून पाठवलं की तुम्ही नाहीच म्हणता. हे तपासा. मी बसते इथंच.”

म्हातारीचं मन राखायला एस्नाथने ते पाणी लावलं. चौथ्या मिनिटाला टोक आलं.

बाटलीच खराब असेल, म्हणून तिने तसल्याच दुसऱ्या बाटलीत शुद्ध पाणी भरून पाहिलं. काही नाही. मग नाफिरीचंच पाणी काचेत ओतून ठेवलं. दुपारी टोक निम्म्यावर आलं, संध्याकाळी दिसेनासं झालं. विष काचेला चिकटून बसत होतं.

विभागप्रमुख म्हणाले, “नवा अहवाल लिहा. जुन्यांचा विषय कशाला काढता?”

“जुन्यांमुळे एका माणसाला गाव सोडावं लागलंय, सर.”

ती थ्योलोला गेली. नाफिरी तुरीच्या शेंगा सोलत ऐकत राहिली.

“म्हणजे तुम्ही चुकलात.”

“हो.”

“मग मला काय सांगता? त्याला फोन लावा.”

एस्नाथने तिथूनच विलार्डला फोन लावला. सगळं ऐकून तो म्हणाला, “गावप्रमुखासमोर बोलाल? सगळ्यांदेखत?”

रविवारी गावाच्या सभेत ती बोलली. विलार्ड मागे आंब्याला टेकून उभा होता. गावप्रमुखाने त्याला पुढे बोलावून शेजारी बसवलं. तेवढ्यात एका बाईने विचारलं, “आणि आम्ही तेच पितो, त्याचं काय?”

एस्नाथने वही उघडली आणि कोण कुठून पाणी भरतं, ते विचारायला सुरुवात केली.